पहिल्या धारेची चव

दारूवर मराठीत लिहायचं म्हटलं की दोन सूर ठरलेले असतात. एक व्यसनमुक्तीचा, दुसरा विनोदाचा. पहिल्यात दारू म्हणजे संसाराची राखरांगोळी, दुसऱ्यात ती चकण्याच्या बशीबरोबर येणारं निमित्त. ती कशापासून होते, कोणत्या हंगामात होते, नाकाला काय सांगते, जिभेवर किती वेळ रेंगाळते, याबद्दल कुणी बोलत नाही. नाशिकच्या द्राक्षबागांनी वाइनपुरती ही कोंडी थोडी फोडली. पुण्यात २००९ साली ‘डूलाली’ ही देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रूअरींपैकी एक उघडली. तेव्हापासून बिअर ही नुसती ढोसायची नसून चाखायचीही गोष्ट आहे, हे शहरातल्या एका पिढीला कळू लागलं.

हा लेख मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या मोहाच्या दारूबद्दल आहे. पण तिथला बैहरचा घाट चढण्याआधी एका काळ्या बिअरची गाठ घ्यायला हवी. चाखायचं कसं, याचा सराव आजच्या शहरी माणसाला तिच्यामुळे झाला आहे.

काळी, दाट, जड

स्टाउट नावाची ही बिअर दिसायला कॉफीच्या काढ्यासारखी. तिचा काळा रंग येतो भाजण्यातून. सातूला मोड आणून वाळवला की माल्ट तयार होतो. तो हलका वाळवला तर पिवळीधमक लागर बिअर मिळते. त्यातले काही दाणे दोनशे अंशांच्या पुढे, करपण्याच्या उंबरठ्यापर्यंत भाजले, तर बिअरमध्ये कॉफी, कडू चॉकलेट, भाजलेल्या शेंगदाण्याची साल असे वास उतरतात. अठराव्या शतकात लंडनचे हमाल आणि कामगार पीत ती पोर्टर या घराण्याची मूळ बिअर. तिचाच जास्त कडक प्रकार त्या शतकाच्या अखेरीस रशियाच्या सम्राज्ञी कॅथरीनच्या दरबारी जात असे. म्हणून त्याला पुढे ‘इम्पीरियल’ स्टाउट म्हणू लागले. हिंदुस्थानातल्या छावण्यांमधल्या गोऱ्या शिपायांसाठीही पोर्टरची पिंपं जहाजाने येत.

इम्पीरियल स्टाउटमध्ये मद्याचं प्रमाण आठ ते बारा टक्के, कधी त्याहून अधिक. आपल्याकडे २०१८ च्या अन्नसुरक्षा नियमांनी स्ट्राँग बिअरची मर्यादा आठ टक्क्यांवर आखली आहे. म्हणजे दहा टक्क्यांची खरी इम्पीरियल आपल्या कायद्याच्या व्याख्येत बसतच नाही. आपल्याकडे स्ट्राँग म्हणून जी विकली जाते ती बहुतेक फिकट रंगाची, तांदूळ किंवा साखरेच्या जोरावर मद्य वाढवलेली बिअर. ती बर्फगार करून पितात, कारण थंडीने जीभ बधिर झाली की चवीतली उणीव लपते. तिच्याकडून अपेक्षा एकच, चढली पाहिजे.

जाणकार स्टाउट अशी पीत नाहीत. फ्रीजमधून काढून थोडा वेळ ठेवतात, कारण गारठा उतरल्याशिवाय वास मोकळे होत नाहीत. लहान, पोटाशी रुंद आणि तोंडाशी निमुळत्या ग्लासात थोडीच ओततात. आधी नाक, मग जीभ. घोट तोंडात फिरवायचा, गिळायचा आणि गप्प बसायचं. भाजकेपणा आधी येतो, मागून कडवटपणा, त्याखाली गोडवा, शेवटी घशात मद्याची ऊब. या चारांपैकी एकही दुसऱ्याच्या अंगावर धावून गेला नाही, तर बिअर चांगली. मद्य जास्त असूनही ते टोचत नसेल, तर करणाऱ्याचा हात बसलेला.

आता हीच कसोटी घेऊन बालाघाटला जाऊ.

पठारावरचा चैत्र

बालाघाट मराठी माणसाला परकं नाही. गोंदियाहून गाडीत बसलं की तासाभराच्या अंतरावर वैनगंगेकाठचं हे शहर. १८५३ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. १८६७ मध्ये इंग्रजांनी त्याचा जिल्हा केला. १९५६ पर्यंत इथल्या कारभाराची राजधानी नागपूर होती. राज्यपुनर्रचनेत भंडारा इकडे आला आणि बालाघाट तिकडे राहिला. वारासिवनी, कटंगी, किरनापूर, लांजी या सखल, भाताच्या पट्ट्यात आजही पोवारी, मराठी आणि हिंदी एकाच ओसरीवर बोलल्या जातात. दिवाळीनंतर गोंदिया-भंडाऱ्याच्या गावांत मंडई नावाची जत्रा भरते, तशी इथेही भरते.

घाट चढून बैहर, परसवाडा, बिरसा या बाजूला गेलं की भाषाही बदलते आणि झाडंही. मैकलच्या रांगांचं हे पठार गोंड आणि बैगांचं. कान्हा राष्ट्रीय उद्यानाचं मुक्की फाटक याच भागात. साल, साजा, तेंदू, बांबू यांच्या रानात मोह उभा असतो आणि शेताच्या बांधावरही. जंगल तोडून शेत केलं तरी मोहावर कुऱ्हाड पडत नाही. बहुतेक झाडांवर कुठल्या ना कुठल्या घराचा वहिवाटीचा हक्क असतो, आणि गावात तो सगळ्यांना ठाऊक असतो.

मार्च-एप्रिलमध्ये झाडाची पानं गळतात आणि फांद्यांच्या टोकांना फुलांचे घोस येतात. फूल उमलतं रात्री, गळतं पहाटे. पाकळ्या म्हणाव्यात अशा काही नसतातच. मलईच्या रंगाचा, रसाने भरलेला गुबगुबीत मणी टपकन खाली पडतो. उजाडायच्या आत बायका आणि पोरं टोपल्या घेऊन झाडाखाली पोचतात. उशीर झाला तर गुरं, हरणं आणि अस्वलं वाटेकरी होतात. अस्वलाला मोह जितका आवडतो तितकाच माणसाचा सहवास नावडतो. त्यामुळे या दिवसांत अस्वलाने जखमी केल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. झाडाखालचा पाचोळा जाळून जागा साफ करण्याची रीत आहे, तिच्यातून वणवे पेटतात. अलीकडे काही ठिकाणी झाडाखाली जाळी बांधतात. फूल मातीला न लागता हाती येतं आणि आगही टळते.

ताजं फूल चावलं की आधी भरपूर गोडी, मग किंचित तुरटपणा आणि नाकात चढणारा एक दांडगा वास. तो सगळ्यांना मानवत नाही. अंगणात वाळवलं की फूल तांबूस-तपकिरी होतं आणि मनुक्यासारखं आकसतं. वाळलेल्या फुलाच्या वजनात निम्म्याहून अधिक साखर असते. म्हणून ते आधी अन्न आहे. भाजून तिळाबरोबर कुटतात, लाडू करतात, भाकरीत घालतात. १८९६-९७ आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या जंगलातली माणसं मोहावर तगली. फुलांमागून येणाऱ्या बियांचं तेल काढतात. विदर्भात ते टोरीचं तेल. एका झाडातून गोड, तेल आणि मद्य घरात येत असेल तर त्याला देव मानण्यात नवल ते काय?

सडवा आणि भट्टी

वाळलेली फुलं पाण्यात भिजत घातली की काही दिवसांत ती आंबतात. विदर्भातल्या पोलिसी बातम्यांतून आपल्याला परिचित असलेला ‘सडवा’ तो हाच. तो ‘नष्ट केला’ एवढंच आपण वाचत आलो. तो कसा जमतो, हे वाचायला मिळत नाही. उन्हाळ्यात चार-पाच दिवस पुरतात, थंडीत आठवडा उलटतो. बुडबुडे ओसरले, फुलं तळाशी बसली आणि वासातली गोडी जाऊन आंबूसपणा आला की सडवा तयार. घाई केली तर साखर वाया जाते, आळस केला तर आंबटपणा थेट दारूत उतरतो. हे ठरवतं नाक. ते बहुतेक घरांत बाईचं असतं.

मग भट्टी. चुलीवर सडव्याचं मडकं, त्यावर दुसरं भांडं, सगळ्यात वर थंड पाण्याचं पातेलं, आणि सांधे मातीने किंवा ओल्या फडक्याने लिंपलेले. मद्य साधारण ७८ अंशांना उकळतं, पाणी १०० ला. म्हणून आच मंद ठेवली तर मद्याची वाफ आधी उठते. ती वरच्या गार बुडाला टेकून थेंब होते आणि आतल्या वाडग्यात किंवा बांबूच्या नळीतून बाहेरच्या भांड्यात उतरते. वरचं पाणी तापलं की बदलायचं. किती वेळा बदललं, यावर दारू किती कडक ते कळतं. सुरुवातीच्या पाण्याची ती पहिल्या धारेची. जसजसं पाणी बदलत जाईल तसतशी धार सौम्य होते. आच भडकली तर सडवा बुडाला लागतो, आणि तो करपट वास मग कशाने जात नाही. स्टाउटवाला दाणा मुद्दाम करपवतो. इथे करपणं हा गुन्हा.

घरगुती मोहाची तीव्रता पंधरा-वीस टक्क्यांपासून चाळीसपर्यंत कुठेही असते. मोजायला यंत्र नाही, पण परीक्षा आहेत. थोडी विस्तवावर शिंपडायची, भडकली तर कडक. बाटली हलवून फेसाचे मणी किती वेळ टिकतात ते बघायचं.

आता घोट

चांगला मोह पाण्यासारखा स्वच्छ असतो. काळी बिअर डोळ्यांना आधीच पुष्कळ सांगून टाकते. मोह डोळ्यांना काहीच सांगत नाही, सगळी भिस्त नाकावर. दोन थेंब तळहातावर चोळून हुंगले की मद्य उडून जातं आणि फूल मागे राहतं. मनुकांचा गोडसर वास, त्यात चुलीचा धूर, आणि खाली ती रानटी, किंचित कस्तुरीची छटा. ताज्या फुलात जी नकोशी वाटली होती, तीच इथे हवीशी होते. नुसतं स्पिरिट नाकात घुसत असेल आणि फूल सापडत नसेल, तर एक तर आच चुकली किंवा फुलांच्या जागी गूळ-साखर वापरली.

घोट लहान हवा. जिभेच्या टोकाला गोडवा भासतो. खरं तर साखर मडक्यातच राहिलेली असते, गोडी असते ती वासाची. मग मधोमध गुळगुळीत जडपणा, कडेला तुरटी, आणि गिळल्यावर छातीपर्यंत उतरणारी ऊब. स्टाउटला लावलेली कसोटी इथेही लागू पडते. मद्य टोचलं नाही आणि फूल शेवटपर्यंत सोबत राहिलं, तर हात चांगला. जुन्या, नीट न वाळलेल्या फुलांना बुरशीचा ओला वास येतो. नव्या फुलांच्या दारूत मधाची झाक असते. झाड कुठलं, फूल कधी वेचलं, ऊन किती लागलं, पाणी कुठलं, या सगळ्याने चव बदलते. गावातली जाणती माणसं चाखून अमक्या घरची, तमक्या घरची असं सांगतात. फ्रान्समध्ये अशा माणसांना मोठमोठी पदं मिळतात.

पिण्याची रीतही ठरलेली आहे. पानाचा दोना, त्यात थोडी. पिण्याआधी बोट बुडवून काही थेंब जमिनीवर, धरतीमातेच्या आणि पूर्वजांच्या नावाने. बैगांमध्ये बारसं, सोयरीक, लग्न, पेरणी, मरण यातलं काही मोहाशिवाय पार पडत नाही. व्हेरियर एल्विन यांनी १९३९ च्या ‘द बैगा’ या ग्रंथात याच डोंगररांगांमधलं जगणं नोंदवलं. सोबत खायला भाजलेले चणे, मासळी, मिरचीची चटणी. आणि पोटात आधी कोदो-कुटकी या भरडधान्यांची पेज गेलेली. उपाशीपोटी पिणं हा शहाणपणा मानला जात नाही.

स्टाउटच्या टेस्टिंगमध्ये शिकवतात ते हेच. थोडी घ्या, सावकाश घ्या, खाऊन घ्या, कुणी केली ते विचारा.

कायद्याची धार

मग इतक्या जुन्या, इतक्या नेटक्या पेयाला आपण ‘गावठी’ म्हणून हिणवायला कधी लागलो? त्याचं उत्तर अबकारी खात्याच्या इतिहासात आहे. इंग्रजांना घरोघरच्या भट्ट्यांमधून महसूल मिळेना. मुंबई इलाख्यात १८७८ चा अबकारी कायदा आला आणि मद्य गाळण्याचा हक्क सरकार आणि ठेकेदारांकडे गेला. १८९२ मध्ये तर ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांसाठी खास मोहाचा कायदाच झाला, ज्याने फुलं बाळगण्यावर बंधनं आली. मध्य प्रांताचा अबकारी कायदा १९१५ चा. थोड्याफार बदलांसह तोच आजच्या मध्य प्रदेशात चालतो. घरी गाळलेली दारू बेकायदा झाली आणि ठेक्याची दारू सभ्य. त्याआधी मोह गावाच्या डोळ्यांदेखत, सणाच्या हिशेबाने गाळला जाई. चोरून गाळायची वेळ आली तेव्हा घाई आली. घाईबरोबर सडवा लवकर पिकवण्यासाठी नवसागर आणि युरिया आला. जी चव आपण गावठीची म्हणून नाक मुरडतो, ती मोहाची नसून या घाईची आहे.

विषारी दारूचंही तसंच. २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं मेली, ती कारखान्यातलं मिथेनॉल मिसळलेल्या दारूने. फुलांच्या सडव्यात मिथेनॉल जेमतेम असतं. माणसं मारतं ते व्यापाऱ्याने ओतलेलं.

मध्य प्रदेशात अनुसूचित क्षेत्रांतल्या आदिवासींना घरच्या वापरापुरती, सणासमारंभापुरती ठरावीक मर्यादेत मोहाची दारू गाळायला सूट आहे. बालाघाट जिल्ह्यात अशा क्षेत्रात बैहरचा भाग येतो. सूट पिण्याची आहे, विकण्याची नाही. पर्यटकाने गावात जाऊन बाटली विकत मागितली तर गुन्हा घडतो, आणि त्याची शिक्षा भोगतो तो गाळणारा.

बायकांचं म्हणणं

इथे रसिकतेने थोडं दमानं घ्यायला हवं. बालाघाटच्या खाली गोंदिया आणि त्याखाली गडचिरोली. गडचिरोलीत १९८०च्या दशकाच्या अखेरीस गावागावांतून दारूमुक्तीची चळवळ उठली. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ ही संस्था तिच्यात होती, आणि तिचा कणा होत्या बायका. १९९३ मध्ये जिल्ह्यात दारूबंदी झाली. त्या बायकांना मोहाच्या सुगंधाचं कौतुक सांगण्यात अर्थ नव्हता. मजुरी कुठे जाते आणि रात्री मार कोण खातं, हे त्यांना ठाऊक होतं.

हा आक्षेप रास्त आहे, आणि मोहाच्या चवीबद्दल लिहिणाऱ्याने तो टाळू नये. पण सणाला दोन्यातून पिणं आणि रोज ठेक्यावरून क्वार्टर आणणं यांत फरक आहे. तो गावातल्या बायकाही करतात. मध्य प्रदेशात नोव्हेंबर २०२२ मध्ये लागू झालेल्या पेसा (अनुसूचित क्षेत्रांतल्या ग्रामसभांना अधिकार देणाऱ्या कायद्याच्या) नियमांनी दारूच्या दुकानाबाबत ग्रामसभेला बोलण्याचा अधिकार दिला. ग्रामसभेत बाई बोलली तर तो फरक कायद्यातही उतरू शकतो.

बाटलीवर कुणाचं नाव?

गोव्याच्या काजू फेणीची कथा डोळ्यांसमोर ठेवावी. तीही गावठीच होती. २००९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला राज्याचं वारसा-पेय ठरवलं. उन्हाळ्यात काजूचीच हलकी दारू, उर्राक, पिण्यासाठी माणसं आता मुद्दाम गोव्याला जातात. बालाघाटच्या चिन्नोर तांदळालाही २०२१ मध्ये मानांकन मिळालं. त्याच जिल्ह्याच्या पठारावरच्या मोहाला अजून कुणी तसं विचारलेलं नाही.

सुरुवात मात्र झाली आहे. मध्य प्रदेश सरकारने मोहाच्या दारूला ‘हेरिटेज’ दर्जा देण्याची घोषणा नोव्हेंबर २०२१ मध्ये केली. मग अलीराजपूरची ‘मोंड’ आणि दिंडोरीची ‘मोहुलो’ या बाटल्या आदिवासी बचत गटांच्या हातून बाजारात आल्या. दिंडोरी म्हणजे बैहरच्या पठाराचा शेजार. बाहेरच्या बाजारातही हालचाल आहे. डेस्मंड नाझरेथ यांच्या कंपनीने २०१८ मध्ये मोहाचं मद्य गोव्यात आणलं. डहाणूच्या साउथ सीज डिस्टिलरीने २०२४ मध्ये पिंपात मुरवलेल्या मोहाच्या मद्याची ‘सिक्स ब्रदर्स’ ही महागडी बाटली काढली.

यात आनंद आहे तशी काळजीही. सरकारने २०२० मध्ये मोहफुलाचा हमीभाव केंद्रात किलोला ३० आणि मध्य प्रदेशात ३५ रुपये केला. तरी आठवडी बाजारात गरजेच्या वेळी स्वस्तात विकलेलं फूल पावसाळ्यात त्याच घराला महाग घ्यावं लागतं, हे चक्र जुनंच आहे. फूल वेचणारीला पस्तीस रुपये आणि शहरात ग्लासाला हजार, असा हिशेब होणार असेल तर वारसा हा शब्द फक्त लेबलावर उरेल. स्टाउटच्या बाटलीवर ब्रूअरचं नाव असतं, माल्ट कुठला ते असतं, कधी भरली ते असतं. मोहाच्या बाटलीवरही गाव, फुलांचं वर्ष आणि गाळणाऱ्या गटाचं नाव असावं. परवाना त्या गटाचा असावा आणि नफाही.

मोहाला फेणीच्या पंगतीत बसवायला हवं, एवढंच या लेखाचं म्हणणं. वाचकांपैकी कुणी कान्ह्याला मुक्कीच्या बाजूने गेलं, तर चैत्रात जावं. पहाटे झाडाखाली पडलेलं फूल मालकिणीला विचारून तोंडात टाकावं. परतताना बैहरच्या बाजारातून वाळलेली फुलं रास्त भावाने घ्यावीत, त्यांचे लाडू उत्तम होतात. दारू चाखायचीच असेल तर परवान्याची, बचत गटाची बाटली घ्यावी. थोडी, सावकाश, पोटात काही असताना. गावात चोरून मागू नये. आणि ज्याला दारू सोसत नाही किंवा नको आहे, त्याने लाडवावरच थांबावं. मोहाची ओळख त्यातही पुरी होते.